मे महिन्यातली दोन कुलपे

(तालुक्यातील सार्वजनिक ग्रंथालयांचे चालक, शिक्षक आणि पक्षकार्यकर्ते यांच्या एकत्रित बैठकीत केलेले भाषण, काहीसे संक्षिप्त करून.)

उन्हाळ्याच्या सुटीत ग्रंथालयांनी शाळा, ग्रामपंचायती आणि वस्त्यांतील संस्था यांच्याशी हातमिळवणी करून काय करावे, या विषयावर मी बोलावे असे आपण सुचविले. हे कळल्यावर माझ्या एका जुन्या सहकाऱ्याने मला विचारले, "महागाई, बेकारी, शेतमालाचे भाव हे सारे सोडून आता आपण गोष्टींची पुस्तके वाटीत बसावयाचे काय?" त्याच्या बोलण्यात उपहास होता, पण प्रश्न टाकाऊ नव्हता. आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात तो असेल. म्हणून आजचे माझे बोलणे हे त्यालाच दिलेले उत्तर आहे असे समजा.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात एका गावी मुक्काम पडला होता. दुपारची वेळ. 'शासनमान्य, वर्ग ड' अशी पाटी असलेल्या ग्रंथालयाला कुलूप होते. चिटणीस लग्नाला परगावी गेलेले, किल्ली त्यांच्या खिशात. ओट्यावर चारपाच मुले सावली धरून बसली होती आणि त्यांतली दहाएक वर्षांची एक मुलगी भिंतीवर लावलेली नियमावली धाकट्या भावाला मोठ्याने वाचून दाखवीत होती. वाचावयाला दुसरे काही नव्हते. मला पाहून तिने विचारले, "काका, अनामत म्हणजे काय?" मी सांगितले, पुस्तक घरी नेण्यापूर्वी जे पैसे ठेवावे लागतात त्यांना अनामत म्हणतात. तिने एकदा कुलपाकडे पाहिले, एकदा नियमावलीकडे पाहिले आणि ती पुढचा नियम वाचू लागली. तेथून पाच मिनिटांवर शाळा होती. शाळेतही पुस्तकांचे एक कपाट होते आणि त्याची किल्ली मुख्याध्यापकांबरोबर तालुक्याच्या गावी गेलेली होती. एका गावात दोन ठिकाणी पुस्तके, दोन्ही ठिकाणी कुलपे, आणि मधल्या ओट्यावर वाचणारी मुलगी! आपला आजचा सारा विषय या चित्रात आला.

सुटी सर्वांना सारखी मिळते असे आपण मानतो. ते खरे नाही. ज्या घरी पुस्तके आहेत, वर्गणी भरण्याची ऐपत आहे, त्या घरच्या मुलाचे वाचन सुटीत वाढते. त्याच्या वाट्याला शिबिरे येतात, प्रवास येतो. ज्या घरी पाठ्यपुस्तकाखेरीज छापील कागद नाही, तेथल्या मुलाचा शब्दांशी असलेला संबंध मे महिन्याच्या आरंभी तुटतो तो जूनच्या मध्याला पुन्हा जुळतो. विदर्भात कडक उन्हामुळे आणखी काही दिवसांनी. अमेरिकेत बार्बरा हेन्स या समाजशास्त्रज्ञ बाईंनी अटलांटा शहरातील सहावी-सातवीच्या मुलांचा अभ्यास करून १९७८ साली ग्रंथ लिहिला. श्रीमंत आणि गरीब मुलांमधील अंतर शाळा चालू असतानापेक्षा सुटीत अधिक वाढते, आणि ते रोखण्यात सुटीतील वाचनाचा व जवळच्या सार्वजनिक ग्रंथालयाचा मोठा वाटा असतो, असे त्यांना आढळले. हे अंतर नेमके किती, यावर तिकडच्या संशोधकांत पुढे बराच वाद झाला, आणि अटलांटाचे माप आपल्याला जसेच्या तसे लागू करण्याचेही कारण नाही. पण आपल्याकडची परिस्थिती समाधान मानण्यासारखी नाही. ग्रामीण भागातील पाचवीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुले देशात सुमारे ४३ टक्के होती, असे 'असर'च्या २०२२ सालच्या अहवालाने दाखविले. करोनाच्या साथीत शाळा बंद राहिल्याचा तो परिणाम होता. साथीपूर्वी, २०१८ सालीही, हे प्रमाण निम्म्याच्या आसपासच होते.

आणि मराठवाड्याचा विचार करा. ऊसतोडणीला जाणारी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि हंगाम संपला की मार्च-एप्रिलमध्ये परततात. आईबापांबरोबर फडावर गेलेले मूल गावी परत येते तेव्हा शाळा बंद होण्याच्या बेतात असते. शाळेचे वर्ष आणि या मुलाचे वर्ष एकमेकांकडे पाठ फिरवून उभे असतात. इतरांच्या दृष्टीने मे महिना सुटीचा. या मुलाच्या दृष्टीने तो गावात स्थिर राहण्याचा काळ. म्हणजे त्याला गाठावयाचे असेल तर ते उन्हाळ्यातच, आणि त्या वेळी गावात उघडी राहू शकेल अशी अक्षरांची एकच संस्था आहे : ग्रंथालय. ज्याला आपण सुटीतला उपक्रम म्हणतो, तो या मुलासाठी शिक्षणाच्या हक्काचा भाग आहे. माझ्या सहकाऱ्याला दिलेले पहिले उत्तर हे.

आपण काही नवीन शोधून काढीत आहोत, असाही अभिमान धरू नये. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संपूर्ण संस्थानात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण लागू केले, आणि शिकलेला मनुष्य वाचावयाला काही न मिळाल्यास पुन्हा निरक्षर होतो हे ओळखून त्याला लागूनच ग्रंथालयांची योजना आखली. १९१० साली त्यांनी विल्यम बोर्डेन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून घेतले. गावकऱ्यांनी एक वाटा उचलावा, तेवढाच प्रांत पंचायतीने द्यावा आणि तेवढाच सरकारने घालावा, अशी गावच्या ग्रंथालयाची रीत होती. जेथे ग्रंथालय उभे राहू शकत नव्हते तेथे लाकडी पेट्यांतून पुस्तके फिरत. आज आपण ज्याला भागीदारी म्हणतो ती हीच. कोल्हापूर संस्थानाने १९४५ साली ग्रंथालयांचा कायदा केला. देशातला तो पहिला. दोन्ही संस्थाने राजांची होती हे खरे; पण ग्रंथ ही प्रजेची गरज आहे हे त्यांना कळले होते. लोकशाही राज्याला ते अधिक चांगले कळावयास हवे.

महाराष्ट्राने १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. त्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. त्याच्या आधारे राज्यात ११ हजारांहून अधिक ग्रंथालये मान्यता मिळवून उभी राहिली. परंतु या कायद्याने ग्रंथालय ही सरकारची जबाबदारी मानली नाही. संस्थांनी ते चालवावे आणि सरकारने अनुदान द्यावे, एवढ्यावर तो थांबला. मद्रासच्या १९४८ च्या कायद्याप्रमाणे ग्रंथालयासाठी वेगळा कर त्यात नाही. त्यामुळे झाले काय, तर ग्रंथालयाचा चिटणीस वाचकाकडे पाहण्याऐवजी अनुदानाच्या हप्त्याकडे पाहू लागला. नोंदवही तपासनिसासाठी, पुस्तकखरेदी मार्चअखेरीसाठी. २०१२ साली सरकारने सर्वत्र पडताळणी केली तेव्हा अनेक ग्रंथालये निकषांत उणी निघाली. त्यावर आपण सरकारला दोष दिला. द्यावयासच हवा होता. पण ही ग्रंथालये ओस कशी पडली, हा प्रश्न आपण गावात जाऊन किती ठिकाणी विचारला?

आता करावयाचे काय, ते सांगतो. नवी संस्था काढावयाची नाही, नवा निधी येईपर्यंत थांबावयाचेही नाही. जी आहेत ती माणसे आणि जी आहेत ती पुस्तके एकत्र आणावयाची.

पहिली जोडी शाळेशी. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला ग्रंथालय असावे आणि त्यात वृत्तपत्रे, नियतकालिके व गोष्टींची पुस्तके असावीत, असे स्पष्ट म्हटले आहे. ही पुस्तके एप्रिलअखेर यादी करून, दोघांच्या सह्यांनिशी गावच्या ग्रंथालयाकडे सोपवावीत आणि जूनमध्ये परत घ्यावीत. शिक्षकांनी सुटीत येऊन बसावे अशी माझी मागणी नाही. त्यांच्यावर आधीच जनगणनेपासून मतदारयाद्यांपर्यंतचे ओझे आहे. त्यांनी एकच करावे : कोणत्या मुलाला वाचताना अडते, कोणाला कसल्या गोष्टी आवडतात, याचा चार ओळींचा कागद ग्रंथपालाच्या हाती द्यावा. तो कागद कोणत्याही अहवालापेक्षा उपयोगी ठरेल.

दुसरी जोडी ग्रामपंचायतीशी. ७३ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपविता येतील अशा विषयांची यादी आहे आणि तीत ग्रंथालये हा विषय नावानिशी आहे. गटारे आणि दिवाबत्ती यांच्याइतकाच तो पंचायतीचा विषय आहे, हे आपल्या सदस्यांनी ग्रामसभेत उभे राहून सांगावे. मागावयाचे तरी काय? दोन महिने मुलांची अनामत माफ करावी आणि हरवलेल्या पुस्तकांची भरपाई पंचायतीने उचलावी. त्या मुलीने मला विचारलेल्या शब्दाला एवढेच उत्तर पुरे आहे.

तिसरी जोडी तालुक्याच्या मोठ्या ग्रंथालयाशी. त्याच्याकडे पुस्तके आहेत, पण ती तालुक्याच्या गावी आहेत. पन्नास-पन्नास पुस्तकांच्या पेट्या कराव्यात, दर पंधरवड्याला त्या एका गावाहून दुसऱ्या गावी हलवाव्यात. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने २००९ पासून 'ग्रंथ तुमच्या दारी' या नावाने अशा पेट्या वाचकांच्या गटांपर्यंत नेल्या आहेत. तेव्हा ही गोष्ट बडोद्याच्या इतिहासातच शक्य होती असे नाही. पेटीत काय असावे? जाड अक्षरांची चित्रमय पुस्तके, विज्ञानाची, चरित्रे, आणि १९७१ पासून बालभारतीकडून निघणाऱ्या 'किशोर'चे अंक. घरात वर्षानुवर्षे पडून राहिलेली, कोणालाच नको असलेली पुस्तके दान म्हणून पेटीत भरू नयेत. गरिबाच्या मुलाला उरलेसुरले द्यावयाचे, ही आपल्या हाडीमाशी खिळलेली सवय येथे तरी मोडावी.

चौथी जोडी सर्वांत अवघड आणि म्हणून सर्वांत महत्त्वाची : वस्तीशी. आपल्या गावांत ग्रंथालय कोठे असते ते आठवून पाहा. देवळाच्या सभामंडपात, पाटलांच्या माडीखाली, पेठेत. दलित वस्तीतील मूल, पारधी पालावरचे मूल, वाडीवरचे मूल तेथवर येत नाही आणि आपण नोंद करतो की वाचकांचा प्रतिसाद नाही! दार उघडे ठेवणे म्हणजे समता नव्हे. ज्याला त्या दाराशी कधी उभे राहू दिले नाही, त्याच्या दाराशी आपण जावयास हवे. पेटीने आठवड्यातील दोन दिवस बुद्धविहारात मुक्काम करावा, दोन दिवस अंगणवाडीत, एक दिवस वाडीवरच्या पाराखाली. बचत गटातल्या बायांनी तिचा ताबा घ्यावा. त्यांतल्या एखादीला वाचता येत नसेल तरी बिघडत नाही. मुलाने वाचावे, आईने ऐकावे. अशा ऐकण्यातून पुष्कळांना स्वतः वाचण्याची इच्छा झाली आहे. प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक आणि प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे, हे सूत्र डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राच्या पाच नियमांत मांडले. आपण त्याला एवढेच जोडावयाचे की त्या दोघांमध्ये गावकुसाची भिंत असता कामा नये.

काही शंका मला अपेक्षित आहेत. पुस्तके हरवतील. होय, काही हरवतील. कपाटात वाळवीने खाल्लेल्या पुस्तकांचा हिशेब आपण कधी मागितला नाही. मुलाच्या हाती फाटलेल्या पुस्तकाचा मात्र मागतो. दुसरी शंका मोबाइलची. मुले आता वाचणार नाहीत, ती पडद्याला चिकटली आहेत, असे म्हणणाऱ्यांना मी विचारतो : त्यांच्या हाताशी मे महिन्यात दुसरे काय ठेवले आहे? निवड करावयाला दोन वस्तू समोर असाव्या लागतात. तिसरी शंका आपल्याच लोकांची : यातून पक्षाला काय मिळणार? पेटीवर पक्षाचे चिन्ह लावू नका, उद्घाटनाला पुढारी बोलावू नका, फलक धरून छायाचित्र काढू नका. ज्या गावात सर्व पक्षांची मुले एका पेटीतली पुस्तके वाचतात, तेथे आपले काम झाले. त्याहून अधिक हवे असेल तर ते या मार्गाने मागू नये.

दोन सावधगिरीच्या सूचना. वाचनाची परीक्षा करू नका. किती पुस्तके वाचली याची चढाओढ, बक्षिसे, गोषवारे लिहून घेणे, यांतून सुटीतही शाळाच भरते आणि मागे पडलेले मूल पुन्हा मागेच बसते. आणि दुसरे म्हणजे, हे सारे ग्रंथपालाच्या फुकट श्रमावर उभारू नका. 'ड' वर्गाच्या ग्रंथालयातील सेवकाला जे वेतन मिळते, ते शेतमजुराच्या रोजीशीही बरोबरी करीत नाही. त्याला आणखी चार कामे सांगून वर सेवावृत्तीचे धडे देणे हे समाजवाद्यांना शोभणारे नाही. म्हणून उन्हाळ्यातील पेटी आणि ग्रंथालय सेवकांच्या वेतनश्रेणीची मागणी या दोन्ही गोष्टी बरोबरच चालल्या पाहिजेत. रचना आणि संघर्ष यांना आपण नेहमी जोडीने म्हटले. येथे ते जोडीने करण्याची संधी आहे. केरळात १९४५ पासून पी. एन. पणिक्कर यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी गावोगावच्या वाचनालयांचा संघ बांधला आणि १९८९ साली तेथे कायदा झाला. आधी चळवळ झाली, कायदा तिच्या मागून आला. आपल्याकडे कायदा आला आणि चळवळ अनुदानाच्या रांगेत उभी राहिली. ही उलटलेली वाट सुलटी करावयाची आहे.

मित्रहो, माझा सहकारी विचारतो, भाकरीचा प्रश्न सोडून पुस्तके कशाला? सोडून नव्हे, हे माझे त्याला शेवटचे उत्तर. भाकरी कोणी हिरावली हे ज्याला वाचता येत नाही, त्याच्या वतीने आपण आणखी किती वर्षे बोलत राहणार? येथे वीस-पंचवीस गावांचे लोक बसले आहेत. उठण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या गावची दोन माणसे निश्चित करावीत : एक ग्रंथालयाची किल्ली मागणारा आणि दुसरा शाळेच्या कपाटाची. एप्रिलअखेर दोन्ही किल्ल्या एका हातात आल्या पाहिजेत. पुढचे काम ती ओट्यावरची मुलगी करील. तिने ते आधीच सुरू केले आहे.