अनोळखी माणसाशी चार शब्द
(रेल्वे व टपाल कर्मचाऱ्यांच्या कार्यकर्ता शिबिरातील भाषण)

या शिबिरात वेतन, निवृत्तिवेतन, खाजगीकरण या विषयांवर जाणकार बोलून गेले. माझ्या वाट्याला आलेला विषय किरकोळ वाटेल असा आहे: ज्याची ओळख नाही, त्याच्याशी इकडच्या तिकडच्या गोष्टी कशा बोलाव्यात. मला का निवडले ते जुने साथी जाणतात. मी मूळचा मुखदुर्बळ. जे काही बोलता येते ते शिकून आलेले आहे.

१९८६ साली जळगाव जिल्ह्यातून उठून मी बुकिंग क्लार्क म्हणून इटारसीला गेलो. तेव्हा पुठ्ठ्याची छापील तिकिटे होती. तिकीट ओढायचे, यंत्रात घालून तारीख मारायची, पैसे मोजून घ्यायचे. तोंड उघडण्याची फारशी गरज नसे आणि मला ते बरेच वाटे. हिंदी अशी, की वडीलधाऱ्यांनाही मी 'तुम' म्हणे. मराठीत 'तुम्ही' म्हटले की मान दिला. हिंदीत 'तुम' म्हटले की थोर माणूस दुखावतो, हे मला कोणी सांगितले नव्हते. लोक तुटक वागतात म्हणून मी गप्प, आणि मी उद्धट म्हणून ते गप्प. असे जवळजवळ वर्ष गेले. शेवटी ऑफिसात पाणी भरणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांनी मला बाजूला घेऊन सांगितले, "बाबूजी, 'आप' कहा कीजिए." नोकरीतले माझे पहिले खरे संभाषण ते.

तरी मी सुधारलो नाही. १९८८ साली शेजारच्या खिडकीवरचे सहकारी आठ-दहा दिवस आले नाहीत. मग कळले, त्यांची पत्नी नागपूरच्या इस्पितळात वारली. तिला रक्त हवे होते आणि ते मिळवायला हे एकटे धावत होते. तिचा रक्तगट माझाच होता, हे मला तेराव्याला समजले. दोन वर्षे दोन हातांच्या अंतरावर बसून मी त्यांना 'सुट्टे आहेत का?' याखेरीज काही विचारले नव्हते.

आता कोणी म्हणेल, आपले लोक काय कमी बोलके आहेत? खरे आहे. भुसावळहून नागपूरला निघालेला माणूस जनरल डब्यात अकोला येईपर्यंत मुलीच्या लग्नाचा हिशोब सांगून मोकळा होतो. अमेरिकेत मात्र हे शोधून काढावे लागले. निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर या संशोधकांनी शिकागोच्या उपनगरी गाडीतल्या काही प्रवाशांना शेजाऱ्याशी बोलायला सांगितले, काहींना गप्प बसायला. बोलणाऱ्यांचा प्रवास जास्त सुखाचा झाला. पण आधी ज्यांना अंदाज विचारला, त्यांना उलटच वाटत होते. २०१४ साली हे छापून आले. आपण हसू. परंतु डब्यात मोकळा होणारा हाच माणूस, आपले टेबल रोज पुसणाऱ्या माणसाशी पाच-पाच वर्षे बोलत नाही. डब्यात कोणाचा ग्रेड दिसत नाही. ऑफिसात तो कपाळावर लिहिलेला असतो. तेव्हा हा नुसता भिडस्तपणा नव्हे.

आणि बोललो तरी पहिला प्रश्न कोणता? 'आडनाव काय?' मित्रहो, आपल्या देशात हा प्रश्न साधा नाही. ज्याला विचारता त्याला नेमके कळते तुम्ही काय चाचपता आहात. नाव विचारा, आपले सांगा, आडनाव राहू द्या. 'लग्न झाले का, मुले किती' हेही पहिल्या दिवशी नको, महिला सहकाऱ्याला तर नकोच. जे दोघांच्या डोळ्यांसमोर आहे त्याबद्दल बोला. लेट झालेली गाडी, गळणारे छप्पर, नवे बूट. खेड्यातल्या शाखा डाकघरात परजिल्ह्यातून आलेली मुलगी शाखा डाकपाल म्हणून एकटी बसलेली असते. तिला 'आज नेटवर्क आहे का?' एवढे विचारा, बाकीचे ती बोलते. मग तिचे बोलणे मध्ये तोडून आपले भाषण सुरू करू नका. हे मला अजून नीट जमत नाही.

बदली होऊन महाराष्ट्रात आल्यावर, २०१२ च्या सुमारास, एका जंक्शनच्या फलाटावर कंत्राटी साफसफाई करणाऱ्या ताईंना मी सहज म्हणालो, "झाडू नवा दिसतो." त्या म्हणाल्या, "माझ्या पैशाचा आहे." त्या दिवशी एवढेच. मी पुढे विचारले नाही. रोज येता-जाता उन्हाचे, चहाचे, त्यांच्या गावच्या पावसाचे बोलणे होत राहिले. तीनेक आठवड्यांनी त्यांनीच सांगितले, की पगार बँकेत जमा होतो, पण कार्ड मुकादमाच्या खिशात असते. कंत्राटदाराने मजुरी थकवली तर मूळ मालकाने द्यायची, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातले कलम आम्हाला पाठ होते. कागदावर मात्र मजुरी चुकती झालेली होती! आम्ही प्रकरण लावून धरले. अकरा जणींची कार्डे परत मिळाली. दोघींना कामावरून काढले, ते आम्हाला थांबवता आले नाही.

एक धोका सांगतो. दोन दिवस गोड बोलून तिसऱ्या दिवशी पावतीपुस्तक काढणारा कार्यकर्ता आपल्यात आहे. लोक त्याला लांबून ओळखतात आणि वाट बदलतात. वर्गणी मागायची तर सरळ वर्गणी मागा. गप्पांना गप्पाच राहू द्या. त्यातून कधी काही निघेल, कधी नुसता चहा होईल.

चहावरून आठवले, बाहेर किटल्या आल्या आहेत. काल रात्रीपासून मी पाहतो आहे, टपालवाले टपालवाल्यांत बसतात, रेल्वेवाले रेल्वेवाल्यांत, आणि भांडी घासणारी दोन पोरे मागच्या दाराशी. त्यांची नावे अजून कोणी विचारलेली नाहीत, मीही नाही. वीस मिनिटे आहेत.