हेगच्या न्यायालयात राज्यशास्त्राचा विद्यार्थी



राज्यशास्त्र शिकणारी मुले विद्यापीठाच्या अभ्यासदौऱ्यासाठी परदेशी जायचे म्हणू लागली, की आपल्या घरांत पहिला प्रश्न खर्चाचा निघतो आणि दुसरा, "त्यातून मिळणार काय?" मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, आयुष्य कापडाच्या पेढीवर गेले, मला हा प्रश्न गैर वाटत नाही. त्याचे उत्तरही हिशेबानेच द्यावे, म्हणून अशा दौऱ्यांत विद्यार्थी जेथे नेले जातात त्या नेदरलँड्समधील हेग शहराचे उदाहरण घेतो.

तेथील शांतिप्रासाद १९१३ साली उघडला. पोलाद-उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांनी त्यासाठी १५ लाख डॉलर दिले. राष्ट्राराष्ट्रांनी भेटी पाठविल्या. जपानने रेशमी भित्तिपट, तुर्कस्तानने गालिचा. (माझ्यासारख्याचे लक्ष प्रथम तिकडेच जाणार!) आणि वर्षाच्या आत पहिले महायुद्ध पेटले. पुस्तकात या दोन गोष्टी वेगवेगळ्या प्रकरणांत असतात. त्या वास्तूत विद्यार्थ्याला त्या एकत्र भेटतात.

याच प्रासादात आंतरराष्ट्रीय न्यायालय बसते. न्यायाधीश १५, मुदत ९ वर्षांची. येथे राष्ट्राराष्ट्रांमधील वाद चालतात. युद्धगुन्ह्यांसारख्या आरोपांवरून व्यक्तींवर खटले चालविणारे आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय त्याच शहरात, पण निराळ्या इमारतीत आहे आणि भारत त्याचा सदस्य नाही. या दोहोंची गल्लत सुशिक्षितही करतात. दोन्हीकडे जाऊन आलेला विद्यार्थी सहसा करणार नाही.

महाराष्ट्राचे सुपुत्र, नौदलाचे निवृत्त अधिकारी कुलभूषण जाधव यांचा खटला येथेच चालला. पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयाने त्यांना २०१७ साली फाशी सुनावली, तेव्हा भारताने येथे धाव घेतली. बाजू मांडली हरीश साळवे यांनी, एक रुपया मानधनावर. १७ जुलै २०१९ रोजी १५ विरुद्ध १ मतांनी निकाल लागला, की जाधवांना भारतीय वकिलातीशी संपर्क नाकारून पाकिस्तानने व्हिएन्ना कराराचा भंग केला आहे. विरोधी मत होते ते पाकिस्तानने त्या खटल्यापुरत्या नेमलेल्या न्यायाधीशांचे. चीनच्या न्यायाधीशबाई मात्र बहुमतात होत्या. न्यायाधीश आपापल्या देशाच्या सोयीनेच मत देतात, असे आपण ओट्यावर बसून सहज बोलतो. हा निकाल वाचणाऱ्या विद्यार्थ्याला तसे बोलणे जड जाईल.

परंतु शिक्षा रद्द करून सुटका करावी, ही भारताची मागणी मान्य झाली नाही; शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करा, एवढेच न्यायालयाने सांगितले. त्याच्यापाशी पोलीस नाहीत. १९८६ साली निकाराग्वाच्या खटल्यात निकाल अमेरिकेविरुद्ध गेला; त्याच्या अंमलबजावणीचा ठराव सुरक्षा परिषदेत आला, तेव्हा अमेरिकेने नकाराधिकार वापरला. कायदा आणि सत्ता यांच्यातील हे अंतर प्राध्यापक फळ्यावर लिहून देऊ शकतील. तथापि त्या दालनात, झगे घातलेल्या न्यायाधीशांसमोर दोन सरकारांचे वकील शांतपणे युक्तिवाद करताना ऐकले, म्हणजे मुलांना प्रश्न पडू लागतात: ज्याचे हुकूम मोडता येतात, त्या न्यायालयापुढे बलाढ्य राष्ट्रे तरी का येतात? माझ्या मते दौऱ्याचे मोल या प्रश्नात आहे. बाजारात खरेदी आणि नौकेतून फेरी याच कार्यक्रमाचा दौरा असेल, तर पालकांनी खुशाल पैसे नाकारावेत.

ज्यांची मुले जाणार आहेत, त्यांनी जाधव खटल्याचा निकाल त्यांच्याकडून आधी वाचून घ्यावा. सुनावण्या सामान्यतः सर्वांना खुल्या असतात आणि तारखा पूर्वी जाहीर होतात; त्या पाहूनच तिकिटे काढावीत.