विहिरीतील बिबट्या आणि काठावरची माणसे



कॅमेऱ्याचे सामर्थ्य नाशिककरांना निराळे सांगावयास नको. त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी छायाचित्रकारच होते. मनुष्य जनावरांशी कसा वागतो, याची साक्ष हाच कॅमेरा ठेवीत आला आहे. मात्र आरंभी ती साक्ष सत्ताधाऱ्यांच्या सोयीची होती. १९०२ साली हैदराबादच्या मुलखात मारलेल्या वाघापाशी उभे असलेले लॉर्ड आणि लेडी कर्झन राजा दीनदयाळ यांच्या स्टुडिओने टिपले. हाका घालणारी रयत अशा चित्रांत अभावानेच आढळते.

आज आपल्या जिल्ह्यातील चित्र कोणते? निफाड-सिन्नरकडील विहिरीत पडलेला, कपारीला पंजा रोवून वर पाहणारा बिबट्या. खाली मथळा असतो ‘बिबट्याची दहशत’. वस्तुतः त्या चित्रात भेदरलेला कोण आहे, हे लहान मूलही सांगेल! जानेवारी २०१९ मध्ये नाशिकच्या सावरकरनगरात बिबट्या शिरला, तेव्हा मोबाइल उंचावलेल्या गर्दीने त्याची वाट अडविली; जखमी झालेल्यांत पत्रकारही होते. ऊसतोडीत बछडी सापडली की त्यांना हाती घेऊन छायाचित्रे काढणारेही थोडे नाहीत. याउलट, बछडी फडातच ठेवून वनखात्याने लावलेल्या कॅमेऱ्यांत रात्री मादी येऊन त्यांना तोंडात धरून नेताना अनेकदा दिसली आहे. एक कॅमेरा जनावराला छळतो, दुसरा त्याला समजून घेतो.

‘पिंजरा लावा, दूर नेऊन सोडा’ ही मागणी सोपी आहे. जुन्नर भागात २००१ पासून तेच झाले आणि जेथे बिबटे सोडले त्या परिसरात माणसांवरील हल्ले उलट वाढले, असे विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखविले. सिन्नरला लागून असलेल्या अकोले तालुक्यात त्यांच्याच स्वयंचलित कॅमेऱ्यांनी दर १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे ५ प्रौढ बिबटे टिपले, आणि तेही दाट मनुष्यवस्तीत. कालव्यांमागून ऊस आला, उसाने बिबट्यास आडोसा दिला. तो आता येथलाच रहिवासी आहे.

परंतु ज्या घरातले मूल बिबट्याने नेले, त्या घरापुढे भूतदयेची प्रवचने करणे हा निर्दयपणा होय. आणि मूल जाते कोणाचे? बहुधा कोपीत झोपणाऱ्या ऊसतोड मजुराचे, वस्तीवरच्या लहान शेतकऱ्याचे. शेतीची वीज रात्री मिळते म्हणून अंधारात पाणी भरावयास तोच जातो. बंगल्याच्या गच्चीवरून हे दिसत नाही.

म्हणून माझी सूचना अशी : येत्या गळीत हंगामात कार्यकर्त्यांनी बिबट्याच्या मागे धावू नये. कठडा नसलेली विहीर, दार नसलेली कोपी, मध्यरात्री पंपापाशी बसलेला शेतकरी यांची छायाचित्रे घ्यावीत, त्यांच्या संमतीने. गाव व तारीख घालून. ती ग्रामसभेत मांडावीत, साखर कारखान्याच्या दारात लावावीत, आणि विहिरींचे कठडे व दिवसाची वीज यांचा जाब वीज कंपनीस व जिल्हाधिकाऱ्यांस तेथेच विचारावा.