सूज आणि तिचे न सापडलेले कारण

सांध्याची सूज आणि अंगावरची सूज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बोलण्यात दोन्हींना एकच शब्द असला, तरी कारणाचा शोध त्यांतला फरक ओळखण्यापासून सुरू होतो.

सांध्याच्या आत एक पातळ अस्तर असते आणि त्यातून वंगणाचा द्रव पाझरतो. निरोगी गुडघ्यात हा द्रव जेमतेम 3-4 मिलिलिटर असतो. अस्तराला दाह झाला की तो कित्येक पटींनी वाढतो. मग गुडघ्याच्या वाटीच्या दोन्ही बाजूंचे खळगे भरून येतात आणि वाटी बोटाने दाबली, तर खाली जाऊन पुन्हा वर येते. अंगावरच्या सुजेत पाणी सांध्यात नव्हे, तर त्वचेखाली साठते. त्याचे गणित अर्नेस्ट स्टार्लिंग या इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञाने 1896 मध्ये मांडले. रक्तवाहिनीतला दाब पाणी बाहेर ढकलतो. रक्तातली प्रथिने, मुख्यतः अल्ब्युमिन, ते आत धरून ठेवतात. बाहेर उरलेले पाणी लसिकावाहिन्या परत नेतात. या तिन्हींपैकी काहीही बिघडले, किंवा वाहिन्यांच्या भिंती जास्त पाझरू लागल्या, की सूज येते.

ही सूज घरीही तपासता येते. नडगीच्या हाडावर अंगठा दहा सेकंद दाबून धरावा आणि उचलावा. खड्डा तसाच राहिला, तर तेथे पाणी आहे. सर्वांगावरच्या सुजेत असा खड्डा पडू लागतो, तेव्हा शरीरात साधारण दोन-तीन लिटर जास्तीचे पाणी साठलेले असते. म्हणून पाणी साठू लागल्याची खबर डोळ्यांआधी वजनकाटा देतो.

सूज कोठे आणि केव्हा येते, यावरून कारणाची दिशा कळते. सकाळी डोळ्यांभोवती सूज आणि लघवीला फेस असेल, तर मूत्रपिंडातून प्रथिने गळत असण्याची शक्यता असते. संध्याकाळी दोन्ही घोटे सुजत असतील आणि आडवे झाल्यावर दम लागत असेल, तर हृदय तपासावे लागते. पोट आधी फुगले, तर यकृताकडे पाहतात. थायरॉइड मंदावल्यावर येणाऱ्या सुजेत सहसा खड्डा पडत नाही. एकाच पायाला वाढत जाणारी सूज विदर्भातल्या गडचिरोली-चंद्रपूरसारख्या भागांत हत्तीरोगाची असू शकते. रक्तदाबासाठी अनेक जण घेतात त्या अ‍ॅम्लोडिपिनने घोटे सुजतात. स्टिरॉइड आणि नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांनीही शरीरात मीठ-पाणी साठते.

सांध्यांचेही असेच आहे. दोन्ही हातांची बोटे आणि मनगटे सारखीच सुजतात आणि सकाळी तासभर आखडलेली राहतात, ते आमवाताचे लक्षण मानतात. हा विकार स्त्रियांत अधिक आढळतो. रात्रीतून पायाचा अंगठा लालबुंद होऊन ठणकू लागला, तर गाऊटचा संशय येतो. तापानंतर महिनोन् महिने सांधे धरून ठेवणारा चिकुनगुन्या महाराष्ट्राला जुना परिचयाचा आहे: 1973 मध्ये बार्शीला त्याची साथ आली आणि 2006 मध्ये तो राज्यात पुन्हा पसरला.

काही आजारांत दोन्ही प्रकारची सूज एकत्र येते आणि निदान सर्वांत अधिक तेथेच रखडते. ल्यूपसमध्ये सांधे दुखतात आणि मूत्रपिंडही बिघडू शकते. साठी ओलांडलेल्यांना होणारा आणखी एक विकार अमेरिकी संधिवाततज्ज्ञ डॅनियल मॅक्कार्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1985 मध्ये वर्णिला. त्यात दोन्ही हातांची पाठ एकाएकी फुगते, दाबले तर खड्डा पडतो आणि मूठ वळत नाही. आमवाताची रक्तचाचणी मात्र नकारात्मक येते. कमी मात्रेच्या स्टिरॉइडने हा विकार लवकर आटोक्यात येतो; पण काही रुग्णांत त्यामागे कर्करोग दडलेला असल्याने पुढची तपासणी टाळता येत नाही.

रक्ताचे अहवाल चांगले आले म्हणजे आजार नाही, असा अर्थ होत नाही. आमवाताच्या सुरुवातीला चाचण्या नकारात्मक असू शकतात. उलट आमवातासाठी तपासला जाणारा र्‍हुमॅटॉइड फॅक्टर काही निरोगी वृद्धांतही सापडतो. गाऊटचा झटका चालू असताना रक्तातले युरिक अ‍ॅसिड कधी कधी प्रमाणात दिसते. खात्री पटते ती सांध्यातून सुईने काढलेल्या द्रवात त्याचे स्फटिक दिसल्यावर. ते सूक्ष्मदर्शकाखाली ओळखण्याची रीत मॅक्कार्टी आणि जोसेफ हॉलंडर यांनी 1961 मध्ये दाखवली. काहींचा संधिदाह नाव न मिळताच ओसरतो, तर काहींचा पुढे आमवात ठरतो. म्हणून पहिल्या तपासणीत कारण सापडले नाही, तरी ठरल्या वेळी फेरतपासणी व्हायलाच हवी.

या मधल्या काळात रुग्णाची वही मोलाची ठरते. रोज सकाळी लघवी झाल्यावर, न्याहारीपूर्वी घेतलेले वजन, सुजलेल्या सांध्यांची नावे, आखडलेपणा किती मिनिटे राहिला, जोडवी किंवा बांगडी केव्हा घट्ट झाली आणि कोणती गोळी केव्हा सुरू केली, याची नोंद त्यात असावी. सूज उतरल्यावर डॉक्टरांची वेळ मिळते, असे नेहमी घडते. म्हणून सूज असतानाच छायाचित्र काढून ठेवावे.

टाळायच्या गोष्टीही तितक्याच महत्त्वाच्या आहेत. ‘पाण्याची गोळी’ मनाने घेतल्यास सोडियम-पोटॅशियम बिघडते, युरिक अ‍ॅसिडही वाढू शकते. वेदनाशामके दीर्घकाळ घेतल्यास मूत्रपिंडे दुखावतात. घटक न लिहिलेल्या पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले आढळले आहे; त्याने आराम पडतो, पण निदान झाकले जाते. दीर्घकाळ घेतलेले स्टिरॉइड एकदम बंद करणेही धोक्याचे असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार मीठ दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी असावे, आणि लोणचे, पापड, फरसाण यांतले मीठही त्यात मोजावे. मूत्रपिंडाचा विकार असेल, तर पोटॅशियमयुक्त पर्यायी मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

सुजलेल्या सांध्याला भार नको. पण पूर्ण विश्रांतीने स्नायू झिजतात. तळहाताने डबा उघडणे, कपडे पिळण्याचे काम दुसऱ्याकडे देणे, उंच बैठक वापरणे आणि सांधा दिवसातून काही वेळा हलक्याने पूर्ण वळवणे यांनी दोन्ही साधते. पाय उशीवर ठेवल्याने घोट्यांची सूज उतरते. मात्र झोपल्यावर दम लागत असेल, तर हा उपाय करू नये.

काही लक्षणांत थांबायला वेळ नसतो. तापासह एकच सांधा गरम होऊन हलवता येत नसेल, तर जंतुसंसर्ग काही दिवसांत कूर्चा नष्ट करू शकतो. एकाच पोटरीची दुखरी सूज रक्तवाहिनीतल्या गुठळीची असू शकते. धाप, छातीत दुखणे, लघवी कमी होणे, दोन-तीन दिवसांत 2 किलो वजन वाढणे किंवा गरोदरपणात चेहऱ्यावर आणि हातांवर अचानक सूज येणे, यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.