एका रात्रीचा आकडा म्हणजे निकाल नव्हे

झोपेत श्वास अडणाऱ्यांना मास्कमधून दाबाने हवा देणारे सीपॅप यंत्र सकाळी चार गोष्टी सांगते: मास्क किती तास लावला, हवा किती गळली, एएचआय (श्वास ताशी किती वेळा अडला तो आकडा) किती आला आणि दाब किती लागला. नव्या रुग्णाची नजर थेट एएचआयवर जाते. काल 3, आज 9. लगेच धीर सुटतो आणि चौथ्या दिवशी यंत्र कपाटात जाते. एवढी घाई बरी नव्हे. एका रात्रीचा आकडा म्हणजे निकाल नव्हे.

कोकणात देवबागला कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीवर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढतात. एक दिवस जाळे भरून येते, दुसऱ्या दिवशी जेमतेम कालवणापुरते मिळते. तेवढ्यावरून दर्यातली मासळी आटली, असे जाणता रापणकर म्हणत नाही. तो आधी जाळे कुठे फाटले आहे का, ते पाहतो.

तशी आधी गळती पाहावी. हवा मास्कच्या कडेने निसटते, नाहीतर उघड्या तोंडातून. मास्कवरची बारीक छिद्रे मात्र उच्छ्वासासाठी मुद्दाम ठेवलेली असतात. ती बुजवू नयेत. काही यंत्रे ही हवा वगळून गळती दाखवतात, काही धरून. म्हणून मर्यादा आपल्या यंत्राच्या पुस्तिकेत पाहावी. गळती मोठी असेल तर यंत्राला श्वास नीट मोजता येत नाही. फाटक्या जाळ्यातली मासळी मोजून दर्याचा अंदाज कसा बांधणार?

मग तास. पहाटेच्या स्वप्नांच्या झोपेत अनेकांचा श्वास जास्त अडतो. दोन वाजता मास्क काढून ठेवला, तर तो काळ मोजणीत येतच नाही आणि सकाळी एएचआयचा 2 हा आकडा फसवा दिलासा देतो. रापण अर्ध्यावर सोडण्यातलाच हा प्रकार. पावसाळ्यात वीज गेली की नोंदही तिथेच तुटते. बॅटरीची सोय डॉक्टरांशी किंवा विक्रेत्याशी बोलून आधीच करावी.

एएचआय तिसऱ्या क्रमाने पाहावा. श्वास किमान 10 सेकंद थांबला किंवा उथळ झाला, असे ताशी किती वेळा घडले, हे तो सांगतो. झोपेच्या तपासणीत 5 ते 15 सौम्य, 15 ते 30 मध्यम, त्यापुढे तीव्र; उपचारात साधारणपणे 5 च्या खाली राहणे हे लक्ष्य. घरच्या यंत्राला मेंदूच्या लहरी दिसत नाहीत, म्हणून झोप लागली की नाही हे कळत नाही. मास्क लावून जागे पडलेला वेळही ते धरते. त्यामुळे तपासणीचा आकडा आणि यंत्राचा आकडा तंतोतंत जुळत नाहीत. सर्दी, मद्य, उताणे झोपणे यांनीही एखादी रात्र बिघडते.

श्वासाची वाट मोकळी असूनही श्वास थांबल्याच्या नोंदी काहींना सुरुवातीला दिसतात. बहुतेकांत त्या काही आठवड्यांत कमी होतात. टिकल्या तर डॉक्टरांना दाखवाव्यात. दाबाबद्दल सांगण्यासारखे पुष्कळ आहे. इथे एवढेच की तो स्वतःहून बदलू नये.

पुन्हा तेच: आधी गळती, मग तास, मग एएचआय, आणि तोही किमान सात रात्रींचा. हे आकडे एका वहीत लिहावेत आणि त्यांच्या शेजारी दिवसा डुलकी येते का, सकाळी डोके जड असते का, हेही लिहावे. डॉक्टरांकडे जाताना ती वही सोबत न्यावी.