गोधडीचा दोरा : सुती की पॉलिएस्टर?

दसरा ओलांडला की आदिलाबादच्या काळ्या रानात कापसाची बोंडे फुटू लागतात, आणि पाठोपाठ थंडी येते. तेलंगणातील इतर भागांच्या मानाने आपल्या या उत्तरेकडील जिल्ह्याला पांघरुणाची गरज अधिक. पैनगंगेच्या या तीरावर काय किंवा त्या तीरावर काय, मराठी घरात त्या पांघरुणाचे नाव गोधडी, कुठे वाकळ. शेजारची तेलुगू बाई तिलाच बोंत म्हणते. संस्कृतातील कंथा आणि बंगालमधील कांथा ही तिचीच भावंडे. नावे निराळी, वस्तू एकच : जुनी लुगडी आणि धोतरे थरावर थर घालून धावदोऱ्याने एकजीव केलेली. या वस्तूतील सर्वांत लहान घटकाविषयी, म्हणजे दोऱ्याविषयी, आज चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

विषय वरवर क्षुल्लक वाटेल. परंतु गोधडीत आईचे लुगडे असते, वडिलांचे धोतर असते, लेकराचे पहिले झबले असते. ते कापड पुन्हा विकत मिळत नाही. ते किती वर्षे टिकावे, हे पुष्कळदा दोऱ्याच्या निवडीवर ठरते.

दुकानात जाऊन सुती रीळ मागावे, तर दुकानदार म्हणतो, “अक्का, सुती आता कोण नेतं? हाच घ्या, तुटायचा नाही.” आणि पॉलिएस्टरचे रीळ पुढे करतो. कापसाच्या जिल्ह्यात सुती दोरा मिळू नये, याचे नवल वाटते. पण त्याला कारण आहे. वेचलेल्या कापसाच्या वजनात रुई असते सुमारे एक तृतीयांश, बाकीची सरकी. रुईच्या गाठी बांधून बहुतेक माल सूतगिरण्यांकडे दूर जातो. तेथेही शिवणाच्या दोऱ्याला कोणतीही रुई चालत नाही. लांब धाग्याची रुई निवडून, ती विंचरून, बारीक सूत कातून, दोन-तीन पदर एकत्र पिळावे लागतात. एवढ्या मेहनतीचा दोरा स्वस्त कसा पडावा?

पॉलिएस्टरची कथा निराळी. व्हिनफील्ड आणि डिक्सन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञांनी १९४१ साली या जातीचा तंतू प्रथम सिद्ध केला. आपल्याकडे टेरिलीन म्हणून एका पिढीला ज्याचे अप्रूप होते, तोच हा. खनिज तेलापासून निघणारा हा तंतू कारखान्यातील वेगवान शिलाई यंत्रांवर सहसा तुटत नाही. म्हणून कारखान्यांनी तो स्वीकारला, आणि कारखान्यांची सोय तीच दुकानांची रीत झाली. गोधडी शिवणाऱ्या हाताची सोय मात्र यात कोणी विचारली नाही.

न्याय करावयाचा तर दोघांचेही गुण पाहिले पाहिजेत. पॉलिएस्टरचा दोरा ओलाव्याने कुजत नाही, त्याला बुरशी सहसा खात नाही, धुतल्यावर तो आटत नाही. सुती दोरा दमट पेटीत राहिला तर काळा पडतो आणि कमकुवत होतो. उलट, सुती दोरा ओला झाला म्हणजे सुकलेल्यापेक्षा अधिक बळकट होतो. नदीवर आपटून धुतलेल्या गोधड्या टिकत आल्या त्याचे हे एक कारण. तो फारसा ताणला जात नाही, त्यामुळे टाका जिथे घातला तिथेच बसतो. पॉलिएस्टरचा दोरा ताणला जातो आणि मग मूळ लांबीवर येऊ पाहतो. यंत्राचा ताण जास्त असेल तर शिवणीवर सुरकुत्या पडतात. तो गुळगुळीत असल्याने त्याची गाठही सुटू पाहते.

आता मुख्य प्रश्न. गोधडीवर ओढ पडली तर आधी तुटावे कोणी, दोऱ्याने की कापडाने? माझे उत्तर आहे : दोऱ्याने. दोरा तुटला तर सुई घेऊन पाच मिनिटांत टाका पुन्हा घालता येतो. परंतु दोरा अभंग राहिला आणि विरलेले लुगडे टाक्याच्या रेषेत फाटले, तर ते पुन्हा जोडणे कोणाच्या हाती नाही. ठिगळच लावावे लागते. म्हणून जुन्या, मऊ, सुती कापडाला सुती दोराच शोभतो. दोघे एकाच चालीने झिजतात. मात्र नव्या दोऱ्याची गुंडी आधी पाण्यात भिजवून वाळवावी. न आटलेल्या नव्या कापडाचे ठिगळ जुन्या वस्त्राला लावू नये, असा दृष्टांत शुभवर्तमानात आहे. शिवणकामाच्या दृष्टीनेही तो तंतोतंत खरा आहे.

पण आज घरातील जुन्या साड्या बहुधा सुती नसतात, त्याही पॉलिएस्टरच्याच असतात. त्या न विरता वर्षानुवर्षे राहतात. तिथे सुती दोऱ्याचा आग्रह धरला, तर कापड शाबूत राहून टाके मात्र वारंवार उसवतील. अशा गोधडीला पॉलिएस्टरचा दोरा घालावा, त्यात कमीपणा नाही. आतून पॉलिएस्टर आणि वरून कापूस गुंडाळलेला दोराही निघाला आहे. यंत्रावर शिवणाऱ्यांना तो मधला मार्ग ठरतो.

एक सावधगिरी मात्र सांगितलीच पाहिजे. आपल्याकडे पौषात शेकोटीजवळ निजण्याची रीत आहे. कापूस ठिणगीने जळतो, पण वितळत नाही. पॉलिएस्टर सुमारे २६० अंश सेल्सिअसला वितळते आणि त्वचेला चिकटते. दोऱ्यापेक्षा हा धोका कापडाचा अधिक आहे. तान्ह्या मुलाची आणि म्हाताऱ्या माणसाची गोधडी निदान आतून-बाहेरून सुती असावी, आणि तरीही ती विस्तवापासून दूर ठेवावी.

रिळावरील चिठ्ठीवर विश्वास नसेल तर परीक्षा सोपी आहे. बोटभर दोरा चिमट्यात धरून ज्योतीला लावावा. कापूस कागदासारखा जळून मऊ राख होतो. पॉलिएस्टर आकसते आणि त्याचा कठीण मणी होतो. मुलींनी ही परीक्षा मोठ्यांच्या देखत करावी. हाताने शिवताना सुती दोरा मेणावरून एकदा ओढून घ्यावा, म्हणजे तो गुंतत नाही. आणि हातभरापेक्षा फार लांब घेऊ नये, कारण कापडातून वारंवार जाताना तो झिजतो.

तेव्हा श्रोतेहो, दुकानदाराने पुढे केलेले रीळ घेण्याआधी घरातील कापडाची घडी उलगडून पाहावी. दोरा किती बळकट आहे, एवढेच विचारू नये. तो कोणत्या कापडाला सांभाळणार आहे, हे आधी विचारावे. आणि दुकानात सुती रीळ नसेल, तर ते मागत राहावे. मागणारे गिऱ्हाईक चार वेळा आले, म्हणजे पाचव्या वेळी माल येतो.