जुन्या यामाहाचं इंजिन पुन्हा बांधताना

मातीच्या ट्रॅकवरच्या हौशी स्वारांनी ज्या गाड्यांवर जीव लावला, त्यांत यामाहा आरएक्स १०० चं नाव पहिल्या रांगेत येतं. टू-स्ट्रोक इंजिन, ९८ सीसी. भारतात तिचं उत्पादन १९९६ मध्ये थांबलं. त्यामुळे इंजिन उघडलं की पहिला प्रश्न पडतो तो सुट्या भागांचा.

सुरुवात सिलिंडरपासून. मूळ बोअर ५० मिलिमीटर. झिजला असेल तर पाव मिलिमीटरच्या टप्प्यांनी मोठे पिस्टन मिळतात. इथेच अनेकांची गल्लत होते. आधी बोअर मारून घेतात आणि मग पिस्टन शोधत फिरतात. पिस्टन आधी हातात घ्यावा, मायक्रोमीटरने मोजावा आणि तोच लेथवाल्याकडे न्यावा, कारण पिस्टन आणि सिलिंडरमधली फट मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शात मोजायची असते. फोर्ज्ड पिस्टन दणकट खरा, पण तापल्यावर जास्त फुगतो, म्हणून त्याला फटही साधारणपणे जास्त लागते. नव्या रिंगा सिलिंडरमध्ये सरकवून टोकांमधलं अंतर फिलर गेजने तपासावं.

किमतीने किरकोळ, पण सगळ्यांत घातक भाग म्हणजे क्रँकचं ऑइल सील. ते कडक झालं की बाहेरची हवा आत शिरते, मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, इंजिन भडकून तापतं आणि नवाकोरा पिस्टन जाम होतो.

कनेक्टिंग रॉड आणि क्रँकच्या बेअरिंगवर काटकसर नकोच. मात्र भंगारात सापडलेला मूळ सिलिंडर, त्यात अजून बोअर मारायला जागा असेल, तर नव्या नकली सिलिंडरपेक्षा केव्हाही सरस.